वजनकाकू

आमच्या सेक्टरमधल्या वजनकाकूंच्या हातात काहीही द्या, त्या आधी ते तोलून बघत आणि मगच घेत. प्रसादाचं ताट असो, नाहीतर कुणाचं नवं बाळ. "तीन किलो शंभर," असं बाळाच्या आईला सांगून टाकत, "सव्वा महिन्यात चार झालं पाहिजे, हं." बाळाचं नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा घेतला, याबद्दल अवाक्षर नाही. पावर हाउस स्टेशनजवळच्या बाजारात भाजीवाल्याने वांगी काट्यावर ठेवायच्या आत काकूंचा आकडा सांगून झालेला असे, आणि काटा मुकाट्याने तिथेच येऊन थांबे. तो बिचारा त्यांना लांबून पाहिलं तरी दोन वांगी जास्त टाकायचा.

काकू मूळच्या गोंदियाकडच्या. काका इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, माझ्या बाबांच्याच पाळीत. लहानपणापासून डोक्यावरून धानाचे भारे वाहिलेली बाई क्वार्टरच्या दोन खोल्यांत किती मावणार? मग त्या सिलिंडर उचलत. स्वतःचा, आमचा, समोरच्यांचा, ज्याचा दिसेल त्याचा. माझ्या ताईला पाहायला आलेल्या मुलाने "स्वयंपाक येतो ना?" असं विचारलं, तेव्हा पोहे घेऊन आलेल्या काकूंनी त्यालाच विचारलं, "अन् तुले सिलिंडर उचलता येते काय बापा?" त्याला नाही उचलता आला. लग्न झालं ते झालंच, पण आमचे भाऊजी अजूनही घरात शिरले की आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघतात.

मी मात्र तेव्हा दुसऱ्याच गुरूच्या नादी लागले होते. रेल्वेभरतीची लेखी परीक्षा मी पास झाले होते आणि तीन महिन्यांनी शारीरिक चाचणी होती. बायकांनी वीस किलोचं पोतं घेऊन शंभर मीटर जायचं, दोन मिनिटांत, मधे कुठेही खाली न ठेवता. संधी एकच. मी वयाच्या मर्यादेला टेकलेली, म्हणजे हे हुकलं की रेल्वेची नोकरी कायमची हुकली. तयारीसाठी मी मोबाइलवर एका नटीचे व्हिडिओ बघायची. ती गोड हसून सांगे, बायकांनी दीड किलोच्या वर काही उचलूच नये, नाहीतर खांदे पहिलवानासारखे होतात. मी गुलाबी रंगाचे दोन डंबेल आणले आणि महिनाभर आरशासमोर हलवले. महिन्याने बाबांनी आणलेली तांदळाची पंचवीस किलोची बोरी उचलायला गेले, तर स्वयंपाकघरातून फाटकापर्यंतही पोचले नाही. मटकन खाली बसले आणि रडले.

काकूंनी फाटकातूनच हे पाहिलं. आत येऊन एक डंबेल दोन बोटांत धरलं. "हे काय होय वं? खुळखुळा?"

मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पाहिला. मग अगदी मनापासून विचारलं, "हिले लेकरू हाय काय?"

"आहे ना, दोन वर्षांचं."

"मग थे दीड किलोचंच राहिलं काय? का कोणी दुसराच उचलून राहिला त्याले?" एवढं बोलून त्यांनी आमच्या बोरीतले तांदूळ एका पोत्यात ओतले, पोतं उचललं, मूठभर परत काढले आणि म्हणाल्या, "वीस. उद्या सकाळी सहा वाजता, ग्राउंडवर."

पहिल्या दिवशी त्यांनी मला पोतं उचलूच दिलं नाही. नुसती चुंबळ करायला शिकवली. ओढणीला पीळ द्यायचा, गोल गुंडाळायची, टाळूवर नीट बसवायची. "हातानं वजन नेलं का हात रडते," त्या म्हणत. "डोक्यावर ठेवलं का सारं अंग कामाले लागते." मग गुडघे वाकवून उठायचं, नजर समोर ठेवायची. पहिले काही दिवस पाच-सात किलोच, मग आठवड्याला थोडे थोडे वाढवत. ग्राउंडवर फिरायला येणारे साहेब लोक माझ्याकडे टकामका बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि काकू मात्र मागून ओरडत, "मान सरळ! साहेब काही तुयं पोतं घेऊन जात नाई!"

वीस किलोवर आलो त्याच सुमारास मला पाहायला एक स्थळ येणार असं ठरलं. झालं, माझ्या डोक्यात पुन्हा ती नटी शिरली. ब्लाउज खांद्यात ताणलाय असं वाटायला लागलं. एका दुपारी मी गुपचूप पोत्यातले सात किलो काढून आईच्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी काकूंनी नेहमीप्रमाणे पोतं माझ्या डोक्यावर द्यायला उचललं आणि तिथेच थांबल्या.

"तेरा," त्या म्हणाल्या.

त्या पोतं खाली ठेवून त्यावरच बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले फसव, चालते मले," त्या म्हणाल्या. "थे परीक्षेवाले फसतीन काय? अन् खांदे रुंद झाले तर ब्लाउज उसवता येते वं पोरी. नोकरी गेली तर काय उसवशीन?"

मी घरी जाऊन डबा घेऊन आले आणि तांदूळ परत ओतले. स्थळ आलं, पोहे खाऊन गेलं, पुढे काही कळवलं नाही. आईने दोन दिवस तोंड पाडलं. मी ग्राउंडवर होते.

चाचणीच्या दिवशी वाळूची पोती मांडलेली. माझ्या आधीच्या दोघी पोटाशी कवटाळून निघाल्या आणि अर्ध्यात त्यांची पोती सुटली. मी ओढणी काढून चुंबळ केली. शिट्टीवाले गृहस्थ हसले, "गाँव से आई हो क्या?" मी म्हटलं, "नहीं सर, सेक्टर से." आणि गेले. अशी गेले की पलीकडे पोतं टाकल्यावर जीभ वळवळलीच, "सर, बीस से थोड़ा ऊपर है." तेव्हापासून मी चरोद्याला रेल्वेच्या यार्डात नोकरीला आहे. खांदे खरंच रुंद झालेत. ब्लाउज दोनदा उसवलेत.

काका रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायच्या दोन महिने आधी काकू पेरूच्या झाडावरून पडल्या. या वयात चढल्या कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मांडीचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या, जेवण तुटलं. गावाला जायच्या दिवशी पावर हाउस स्टेशनवर व्हीलचेअर डब्याच्या दारापाशी येऊन अडली. गाडी तिथे थांबते दोन मिनिटं. काका सामान सांभाळत गोंधळलेले. मी गुडघे वाकवले, काकूंना दोन्ही हातांवर घेतलं आणि चढले.

"किती?" माझ्या खांद्याशी तोंड करून त्यांनी विचारलं.

आकडा मला कळला होता. माझे हात आता खोटं सांगत नाहीत. सिलिंडर उचलणारी ती बाई चाळीस किलोचीही उरली नव्हती.

"पन्नास," मी म्हणाले.

मी त्यांना बर्थवर अलगद टेकवलं. त्यांनी माझा दंड चाचपला, हसल्या.

"तेव्हा पोत्यातले काढत होती," त्या म्हणाल्या. "आता टाकून राहिली."

गाडी हलली. मी उतरलेच नाही. त्यांचा हात हातात धरून पुढे दुर्ग स्टेशनपर्यंत गेले.