ब्रेकबाईचा पट्टा

तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही तिला ठाऊक होतं, पण त्याची तिला फिकीर नव्हती. एकोणीस वर्षं ती बायकांना गाडी चालवायला शिकवत होती. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. स्टिअरिंग मात्र एकच, तेही शिकणाऱ्याच्या हातात. समोरून टँकर येतोय आणि शिकाऊ बाई त्याच्याकडे नुसती बघत बसलीय, असं झालं की ब्रेकबाईचा पाय खाली जायचा आणि आवाज वर चढायचा. "बाई, तो थांबणार नाहीय. तुमची त्याची ओळख नाही."

तिचा नियम एकच. आधी पट्टा, मग किल्ली. रिकाम्या मैदानात रिव्हर्स शिकायचा असला तरी पट्टा हवाच. एकदा एक बाई म्हणाल्या, कपडे चुरगळतात हो. "कपड्यांना इस्त्री करता येते," असं म्हणून ब्रेकबाईनं त्यांना उतरवलं आणि पुढच्या बाईला बसवलं.

आता गंमत अशी, की ती स्वतः कधी पट्टा लावायची नाही. "मला वाकून स्टिअरिंग धरावं लागतं," असं ती सांगायची. ज्या आवाजात सांगायची, तो ऐकल्यावर पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

नवरा बुकबाइंडर. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं काम चालायचं. सुई, मेणाचा दोरा, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत आणि कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. पुस्तक शिवून, खळ लावून तो दाबाखाली ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला बोट लावायचा नाही. माणूस सोन्यासारखा. पण आयुष्यातली प्रत्येक गोष्ट तो तशीच दाबाखाली ठेवायचा. गळका नळ बदलायचा? बघू. पंखा आणायचा? बघू. "लग्नालासुद्धा हे आधी बघू म्हणाले होते," असं ती चारचौघांत सांगायची, आणि तो मान खाली घालून दोरा ओवत राहायचा.

त्यांना दोन मुली. थोरली चौदाची, पुस्तकातून डोकं वर न काढणारी. धाकटी अकराची, तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही. एके दिवशी दोघी शाळेतून एकेक गुलाबी कागद घेऊन आल्या. आरोग्य केंद्रातर्फे शाळेच्या हॉलमध्ये मुलींना एचपीव्हीची लस देणार होते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. पंधरा पूर्ण व्हायच्या आतल्या मुलींना फुकट. शिबिर अठरा तारखेला, आणि थोरली एकवीस तारखेला पंधरा पूर्ण करणार होती. पुढचं शिबिर वर्षभरानं. म्हणजे थोरलीसाठी हीच एक संधी होती.

कागदाखाली आईची किंवा वडिलांची सही हवी होती. एकाची पुरे. ब्रेकबाईनं उभ्याउभ्या दोन्ही कागदांवर सही ठोकली आणि ते नवऱ्यापुढे धरले. त्यानं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली आणि दाबयंत्राच्या फळीवर ठेवून दिलं.

"बघू," तो म्हणाला.

तिच्या एका सहीवर काम भागलं असतं. पण नवऱ्याच्या पाठीमागे पोरींच्या दंडात सुई टोचून आणायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. काय भांडायचं ते समोरासमोर भांडू. मात्र एका गोष्टीबद्दल दोघंही बोलले नाहीत. कागदावर एक रकाना होता, 'घरात किंवा जवळच्या नात्यात हा आजार कुणाला झाला होता का?' तो तिनं कोराच सोडला होता.

आठवडाभर घोंगडं भिजत पडलं. मग त्यात वन्सं उतरल्या. वन्सं म्हणजे बाइंडरची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. एकसष्टाव्या वर्षी कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत म्हणून त्या गाडी शिकायला लागल्या होत्या, आणि शिकत होत्या भावजयीकडेच. ही जोडी चढावर हाफ क्लचचा धडा घ्यायची तेव्हा आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहायचे.

त्या गुरुवारी सकाळी वन्संनी चढाच्या मध्यावर गाडी बंद पाडली, पुन्हा सुरू केली आणि समोर बघतच म्हणाल्या, "त्याचं ऐक जरा. घाबरलाय तो. आणि मला विचारशील तर ह्या वयात पोरींना हे कशाला? तो रोग कशानं होतो ते मी वाचलंय, शरीरसंबंधातून लागतो. आपल्या पोरी काही तसल्या नाहीत. आत्तापासून टोचून ठेवलंस, तर त्यांना वाटेल, चला, रान मोकळं."

"गाडी कडेला घ्या," ब्रेकबाई म्हणाली.

वन्संनी घेतली.

"आता पट्टा काढा."

"का?"

"काढा तर खरं. चांगल्या घरातल्या बाईनं पट्टा लावायचा म्हणजे काय? मनात कुणाला तरी ठोकायचं असणार. एकदा पट्टा लावला, की घातलीच गाडी भिंतीवर."

"हा निव्वळ वाह्यातपणा आहे."

"तुमचंच गणित आहे, वन्सं. मी फक्त फळ्यावर मांडलं."

वन्संनी पट्टा काढला नाही. हात त्यांनी स्टिअरिंगवर तसेच ठेवले. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडलेली बाई ती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या ताईला नेमकं काय झालं होतं गं? तुम्ही अल्सर म्हणालात. मी भेटायला आले होते ना, तिला किरणं देत होते. अल्सरला किरणं देतात?"

ब्रेकबाईचा पाय ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती, तरी गेला.

ताईला जाऊन पाच वर्षं झाली होती. गेली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, आणि ब्रेकबाईला याच वर्षी बेचाळीस पूर्ण झाली होती. रुग्णालयाच्या जिन्यात आईनं ब्रेकबाईला आणि तिच्या भावाला धरून सांगितलं होतं, अल्सर म्हणायचं. तो आजार कशानं होतो ते लोक वाचतील आणि माझ्या लेकीबद्दल भलतंसलतं बोलतील, मला ते सोसायचं नाही. जी बाई टँकरवाल्याला काच खाली करून चार शब्द सुनवायची, ती तिथे मूग गिळून बसली. नातेवाइकांना अल्सर, शेजाऱ्यांना अल्सर, पोटच्या पोरींनाही अल्सर. खरं फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि तो तर बोलून चालून बाइंडर. एकदा बंद केलेलं तो उघडायचा नाही.

"कॅन्सर होता," ती म्हणाली. "गर्भाशयाच्या मुखाचा. हाच. आणि आधीच सांगते, ताईचं एकच लग्न, एकच नवरा, आयुष्यात दुसऱ्या कुणाकडे तिनं..."

ती मध्येच थांबली. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? दहा जण असते तिच्या आयुष्यात, तरी ती माझी ताईच होती. आणि तरीही तिनं बेचाळिसाव्या वर्षी जायला नको होतं. मरताना चारित्र्याचा दाखला लागतो का, वन्सं? कुठल्या खिडकीवर मिळतो तो? पाच वर्षं मी तिचा आजार लपवला. जणू तिनं चोरीच केली होती."

वन्संनी गाडी सुरू केली, दोनदा बंद पाडली आणि तिसऱ्यांदा चढ पार केला. उतरताना म्हणाल्या, "मला अजून पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ. अठरा तारखेला आडवं येऊ नका, एवढं बास."

ती तशीच घरी गेली. पोरी शाळेत होत्या. नवरा एका जाड वहीची पाठ शिवत होता.

"वन्संना सांगितलं मी, ताईला काय झालं होतं ते," ती म्हणाली. "आता तुमचंही एकदा कळू दे. तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय? तुमच्या बहिणीचं कारण सांगू नका. तिचं बोलणं तुम्ही आयुष्यात कधी मनावर घेतलं नाही."

त्यानं सुई वहीत खोचून ठेवली. खालच्या खणातून त्यानं थोरलीचं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड काढलं. त्याला त्यानं निळ्या कापडाची बांधणी केली होती. बोटानं एक तारीख दाखवून तो म्हणाला, "ह्या दिवशी."

"ताप आला होता ना? तुम्ही डॉक्टरांकडे नेलं होतं."

"झटका आला होता. डोळे पांढरे झाले होते तिचे. तू क्लासवर होतीस. मी तिला घेऊन जिना उतरलो. बावीस पायऱ्या आहेत. आठव्या पायरीवर मला वाटलं, खाली पोचेपर्यंत ही राहत नाही." त्यानं कार्ड मिटलं. "डॉक्टर म्हणाले, तान्ह्या पोरांना तापात येतात असे झटके, काळजी करू नका. तू घरी आलीस तेव्हा ती खेळत होती. मग मी ताप आला होता एवढंच सांगितलं."

तेरा वर्षं तो हे एकटा घेऊन बसला होता, आणि तेरा वर्षं ती त्याच्या 'बघू'वर चारचौघांना हसवत आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाचा पट्टा चालवायची सवय असलेल्या बाईनं नुसत्या चपला घातल्या.

"अहो, चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जाऊ. तुम्ही विचारा, मी तोंड उघडणार नाही."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना त्यानं एकच प्रश्न तीनदा विचारला आणि त्यांनी तिन्ही वेळा न चिडता उत्तर दिलं. तान्हेपणी तापात झटका आला होता म्हणून ही लस अडत नाही. दंड दुखेल, थोडा ताप येऊ शकतो. एखाद्या मुलीला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो. ब्रेकबाईनं कबूल केल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही, आणि ते तिला किती जड गेलं ते तिलाच माहीत. घरी आल्यावर त्यानं फळीवरचे कागद काढले आणि गरज नसताना तिच्या सहीखाली आपलीही सही केली.

"मी येणार आहे पण," तो म्हणाला.

अठरा तारखेला शाळेचा हॉल भरला होता. बाइंडरच्या पिशवीत थर्मामीटर, पाण्याची बाटली, दोन रुमाल आणि ते निळं कार्ड होतं. टेबलाशी बसलेल्या नर्सबाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "हा रकाना राहिलाय. जवळच्या नात्यात कुणाला?"

मागे पंचवीस-तीस पालक रांगेत उभे होते. ब्रेकबाईनं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी सख्खी मोठी बहीण. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. त्यातच गेली."

धाकटीनं आईकडे पाहिलं. "मावशीला तर अल्सर होता."

"नव्हता. मी खोटं सांगितलं होतं."

"का?" हे थोरलीनं विचारलं.

"घाबरले होते."

"तू?" धाकटीला ते खरंच वाटेना.

थोरलीनं टेबलावरचं पेन उचललं, दोन्ही कागद पुढे ओढले आणि दोन्हींवरच्या त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'मावशी' असं लिहिलं. मग बाही वर करून ती आधी जाऊन बसली.

पुढचा अर्धा तास बाइंडर दोघींच्या मध्ये बसला. एका हातात थोरलीचं मनगट, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. धाकटीनं तीन वेळा चक्कर आल्याचं नाटक केलं, तिसऱ्या वेळी त्यानंच तिला टपली मारली. काही झालं नाही. तीस मिनिटं भरली तेव्हा त्यानं मनगट सोडलं, आणि थोरलीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

निघताना नर्सबाईंनी ब्रेकबाईला थांबवलं. "सख्खी बहीण म्हणालात ना? मग तुमची स्वतःची तपासणी झालीय का? तिशीनंतर सगळ्याच बायकांनी करायची असते. आरोग्य केंद्रात वरच्या मजल्यावर आमच्याच डॉक्टरीणबाई करतात, दहा मिनिटांचं काम आहे."

"माझी?" ब्रेकबाई म्हणाली. "माझे सकाळपासून क्लास असतात. ह्या महिन्यात तर सहा नवीन बायका आहेत." तिनं पर्स ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "बघू."

तोंडातून शब्द गेला आणि तो कुणाचा आहे ते तिला कळलं. पोरींनाही कळलं. धाकटीनं तोंडावर हात दाबला.

बाइंडर हसला नाही. तो तिच्याजवळ आला, आणि वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच चारचौघांत त्यानं तिला अडवलं. "बघू नाही," तो म्हणाला. "कधी?"

तिला खूप काही बोलता आलं असतं. वाकून स्टिअरिंग धरावं लागतं, हे तर जिभेवरच होतं. समोर नवरा उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दंडावर कापूस दाबून धरलेल्या दोन पोरी.

"सोमवारी," ती नर्सबाईंना म्हणाली. "पहिला नंबर लावा माझा. आणि लिहिताना कारण नीट लिहा, अल्सर लिहू नका."