मॉलीच्या मागच्या खोलीतले रविवार

हे आजवर मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, आणि — वसईचा कॅथलिक माणूस मी, सांगायला लाज वाटते — फादरच्याही नाही. कन्फेशनला जाऊन 'रागावलो', 'रविवारची मिस्सा चुकवली', असली चिल्लर पापं सांगून यायचो. हे मात्र गिळून बसायचो.

तुम्ही मॉलीला बघायला हवं होतं! सिडनीच्या जुन्या वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या पबची ती मालकीण — विधवा, साठीची, आवाज फाटका आणि मन हे एवढं मोठं. सत्तरच्या दशकात मी नवा नवा आलो, तेव्हा तिच्याच माडीवर भाड्याने राहायचो. डॉमनिक म्हणायचा तिला कंटाळा, म्हणून मी डॉम. मला ताप आला की सूप घेऊन उशाशी बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही. परक्या मुलखात असं कोण करतं हो?

पुढे लग्न झालं, भाड्याचं घर झालं, तिथल्याच कौन्सिलमध्ये प्लॅनरची नोकरी लागली. आम्ही वसईकर पाच-सहा कुटुंबं रविवारी दुपारी जमायचो, पण घरमालकांची कटकट. मग मॉलीच म्हणाली, "नो वरीज, डॉम! संडे आर्वोला माझी मागची खोली रिकामीच असते." आर्वो म्हणजे तिकडची दुपार. झालं! बायका आमचे मैद्याचे फुगे तळून आणायच्या, मी घुमट, म्हणजे आमचा मातीच्या मडक्याचा ढोल, वाजवायचो, आणि लग्नातली गाणी — कुणाचंही लग्न नसताना — खिडक्या हलतील अशा आवाजात. मॉली दारात उभी राहून टाळ्या वाजवायची, दर वेळी चुकीच्या ठेक्यावर. फार आवडायची मला ती बाई. अजूनही आवडते.

ऐंशीच्या दशकात कौन्सिलला पबसकट ती दुकानांची सगळी रांग पाडून शॉपिंग सेंटर आणायचं होतं. बाकीच्यांनी जागा विकल्या, मॉली ऐकेना. पण दारूचं लायसन्स गेलं की पबच्या नुसत्या भिंती उरतात — आणि लायसन्सवर हरकत घ्यायचा हक्क कौन्सिलला होता. साहेब माझ्या टेबलाशी आला. "डॉम, मेट, आवाजाबद्दल काही मिळतंय का बघ ना." माझं प्रमोशन त्याच्याच हातात होतं.

आता कसं सांगू — मिळालं. रविवारच्या गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांची दोन जुनी पत्रं होती. म्हणजे आमच्याच गोंगाटाबद्दल. मी रिपोर्ट लिहिला: दर रविवारी दुपारी बाहेरच्या लोकांचा जमाव, ढोल, आरडाओरडा, मालकिणीचं नियंत्रण नाही. वेळा अगदी अचूक. का नसणार? ढोल मीच बडवत होतो ना! तेवढं लिहिलं नाही. खाली सही ठोकली.

सुनावणीला मी कौन्सिलच्या बाजूला बसलो. मॉली ठेवणीतला निळा कोट घालून आलेली, हातात माझा रिपोर्ट. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, हे लोक कोण? तिने माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं असतं तर हरकत तिथेच कोसळली असती — आणि माझी नोकरीही. ती म्हणाली, "फ्रेंड्स, सर. नावं नाही सांगणार. नोकरीधंद्याची माणसं आहेत ती."

मी उठलो का? नाही. घसा खाकरला, तेवढंच. लायसन्स गेलं. वर्षाच्या आत पब पाडला, आणि प्रमोशन — हो, तेही मिळालं.

आमच्या लोकांनी विचारलं, मॉलीने पब बंद का केला? मी म्हणालो, थकली आता, बहिणीकडे गेली राहायला. सगळे हळहळले. बायकोने निवृत्तीच्या शुभेच्छांचं मोठं कार्ड आणलं आणि तुझीच तिच्याशी जास्त माया म्हणून पेन आधी माझ्या हातात दिलं. मी 'आता निवांत आराम कर' असं लिहिलं, आणि खाली नाव घातलं, डॉम.