प्लॅस्टरवरचा काचतंतू

नामदेवभाऊ भोयर गेल्याचा निरोप शिपायाने आणला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन करत होतो. पेपर सुटायला तासभर होता. तो तास मी पुरा केला. कुणाला यात शिस्त दिसेल, पण खरं सांगायचं तर त्यांच्या घरी जाऊन वहिनींसमोर उभं राहायची माझी छाती होत नव्हती. चार वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून मी त्या माणसाशी हसत-बोलत होतो...

भाऊ आमच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या काँक्रीट प्रयोगशाळेत सहायक होते. राहायला प्रताप नगरला, शेती कन्हानकडे. काँक्रीटचा ठोकळा नुसता ठोकून ते तो पक्का की कच्चा ते सांगायचे. आम्ही तोच ठोकळा मशीनमध्ये दाबून तेच सांगायचो, फक्त इंग्रजीत. मी नवा लेक्चरर होतो आणि माझ्या डोक्यात काचतंतूचं खूळ शिरलं होतं. केसाएवढा बारीक काचेचा धागा, एका टोकाने उजेड सोडला की दुसऱ्या टोकाला निघतो. तो बीमला चिकटवायचा. बीम वाकला किंवा तडकला की धाग्यावर ताण येतो, उजेड कमी पोचतो आणि दुसऱ्या टोकाला लावलेल्या मीटरचा काटा खाली येतो. टेलिफोनच्या कामातून उरलेली एक गुंडाळी दिल्लीच्या मित्राने मला दिली होती. भाऊ ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले होते.

गांधीबागेतल्या एका शेठजींच्या कापडाच्या गोदामात बीमला चीर दिसली. वरच्या मजल्यावर गाठींचे ढीग होते, दिवाळीचा माल अजून यायचा होता आणि तो चढवावा की नाही, हे शेठजींनी मला विचारलं. बीमवर नुकतंच जाड प्लॅस्टर करून डिस्टेंपर मारलेलं होतं. प्लॅस्टर फोडून आधी काँक्रीट उघडं करू, असं म्हणत भाऊंनी छिन्नी काढली. शेठजींचं तोंड वाकडं झालं. मोठ्या माणसाची मर्जी राखायच्या नादात मी म्हणालो, राहू द्या, वरूनच चिकटवू. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि छिन्नी पिशवीत टाकली. तंतू मी स्वतःच्या हाताने चिकटवला.

तीन दिवस काटा जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी माल चढवायला हो म्हटलं. सहा हमाल गाठी घेऊन वर गेले आणि खालून आणखी येऊ लागले. भाऊ शिडीवर चढले आणि हातोडीच्या दांड्याने बीम ठोकत गेले. मधोमध आले तेव्हा आवाज पोकळ आला. पुन्हा ठोकलं, पुन्हा पोकळ.

"प्लॅस्टर बीमपासून सुटलं सर," ते म्हणाले. "तीन दिवस आपण प्लॅस्टरच पाहून राहिलो."

छिन्नीच्या दोन घावांत प्लॅस्टरचा मोठा पोपडा तंतूसकट खाली आला. आतल्या काँक्रीटला आगपेटीची काडी जाईल एवढी चीर होती. वरच्या माणसांना भाऊंनी जागीच थांबवलं, टेकूसाठी बल्ल्या आणायला माणूस धाडला आणि नवा तंतू थेट काँक्रीटवर चिकटवला. तो वाळेपर्यंत वरची माणसं जागची हलली नाहीत. वर एक माणूस पाऊल टाकायचा आणि इकडे काटा थरथरायचा.

"तुम्ही बाहेर व्हा सर. काट्याजवळ एक माणूस पुरे आहे. वरच्या पोरायले कोणीतरी सांगा लागते, कधी उचलायचं न् कधी थांबायचं."

आणि मी बाहेर गेलो. नाही म्हणायला हवं होतं. रस्त्यावर उभा राहून त्यांचा आवाज ऐकत होतो... "उचला." "थांबा." दोनदा काटा खाली घसरला, दोनदा त्यांनी सगळ्यांना थिजवून उभं केलं. बल्ल्या लागल्या, बीमवरच्या गाठी उतरल्या, शेवटचा हमाल बाहेर आला, त्याच्यामागून भाऊ आले.

पुढे एका परिषदेत काचतंतूने गोदाम कसं वाचवलं यावर मी पेपर वाचला. प्लॅस्टरचा त्यात उल्लेख नव्हता, भाऊंचाही नव्हता. टाळ्या मिळाल्या, बढतीही मिळाली. भाऊंनी एका शब्दाने विचारलं नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत राहिली.

शोकसभेत एका विद्यार्थ्याने त्यांच्या कपाटातला, गोदामातल्या त्या प्लॅस्टरचा तुकडा आणला, तंतू अजून चिकटलेला. भाऊ म्हणे दरवर्षी नव्या पोरांना तो दाखवायचे आणि सांगायचे, इथे मी चुकलो, तुम्ही चुकू नका. सगळ्यांचे डोळे भरले. मी अध्यक्षांच्या शेजारी मान खाली घालून बसलो होतो आणि तेव्हाही बोललो नाही.

गेल्या सोमवारी नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. तुकडा हातोहात फिरत गेला. भाऊंनी चिकटवलेला तंतू हाच का, असं एका मुलीने विचारलं.

"हा मी चिकटवला," मी म्हणालो. "भाऊ छिन्नी घेऊन उभे होते, त्यांना मी थांबवलं."

मग त्या दुपारी बीमखाली कोण थांबलं आणि बाहेर कोण गेलं, तेही सांगितलं.