दोघांत एक गडी

त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा पहिला भाग आम्ही कधी पाहिलाच नाही. सीडीवर मार्करनं नुसता दोनाचा आकडा काढलेला होता, आणि बीडच्या बसस्थानकाबाहेर ती विकणाऱ्यालाही एकाचा पत्ता नव्हता. त्यामुळं आमची गोष्ट सुरू झाली तीच मधून. एक तलवारवाला जळक्या गावातून बाहेर पडतो, वाटेत एक बाई त्याला इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगते, आणि तो चालू लागतो. ती काय सांगते ते आम्हाला कधीच कळलं नाही. माझा मित्र म्हणायचा, "काय सांगंल? सांभाळून जाय म्हनली आसंल."

हाच खेळ आता नव्यानं रंगवून पुन्हा आलाय. लोक त्याच्याविषयी हळवं होऊन लिहितात. कथा किती खोल होती, संगीत कसं होतं. मला वाचून चीड येते. क्लासमधल्या पंख्याच्या घरघरीत आम्हाला संगीत कुठून ऐकू येणार?

शिरूर कासारला माझ्या चुलत्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. भर दुपारी शिकणारी पोरं नसत. लाइट असली आणि चुलत्यांचा मूड बरा असला, की कोपऱ्यातलं जुनं मशीन आम्हाला मिळायचं. मित्र माझ्याच वर्गातला. त्याचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, आणि तो शाळेसाठी मागं आत्याकडे राहायचा. आम्ही दोघं एकाच बाकड्यावर चिकटून बसायचो.

खेळ खरं तर एकट्याच्या दोन हातांचा. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. पण दोघं बसलो म्हटल्यावर वाटणी आलीच. ती त्यानं केली, आणि त्याला माहीत होती तशी केली. उसाच्या फडात नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा आला तर अर्धा कोयता.

"आपुन एक कोयता," तो म्हणाला. "मी तोडतो, तू बांध."

म्हणजे माउस त्याच्याकडे, तलवार त्याची. मी कीबोर्डवर. ढाल पुढं करायची, मेलेल्यांचं सामान गोळा करायचं आणि गडी घायाळ झाला की त्याला औषध पाजायचं. मला हे बायकी काम वाटायचं आणि मी कुरकुर करायचो.

"रोज मीच कावून बांधू बे?"

"नको बांधू. मग औशद कोन पाजंल? मरू दोघं बी."

मरायचोच. पण हळूहळू हात बसला. त्याचा खांदा जरा वर गेला की मी ढाल पुढं करायचो. त्यानं श्वास रोखला की औषधाचं बटण दाबायचो. बोलावं लागायचं नाही. मधेच लाइट जायची आणि दुपारभराची कमाई पाण्यात. चुलते म्हणायचे, बरं झालं, आता घरी जा. तो मात्र शांतपणे उठायचा, "उंद्या परत मरू." त्या बाकड्यावर मी जितका सुखात होतो तितका पुढं कुठंच झालो नाही, हे सरळच सांगतो.

दहावी संपून पावसाळा गेला तेव्हा आम्ही शेवटच्या वेशीपाशी पोचलो होतो. काळी, उंच वेस, आणि तिच्या आत जो कोण बसला होता तो आम्हाला दर वेळी लोळवायचा. वेस काही पडली नाही आणि दिवाळी आली. या खेपेला त्याचा बाप त्यालाही घेऊन निघाला. निघताना तो क्लासमध्ये आला, चपला दाराबाहेर काढून आत उभा राहिला.

"मी येईस्तवर वेशीला हात लावू नको."

"न्हाई लावत," मी म्हणालो.

आणि नाही लावला. बाकी माझ्यात धड काही नसेल, पण शब्दाचा पक्का आहे.

कारखान्याचं गाळप संपल्यावर तो परत आला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न लावून दिलं. त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि पोरगी त्याच्याहून लहान. हौसेचं लग्न नव्हतं ते. एकट्या पोराचा अर्धा कोयता होत होता, तो पुरा केला. मी पंगतीत पोटभर जेवलो आणि मांडवातल्या प्रत्येकावर मनातून चिडलो. नवरीवरसुद्धा, बिचारीचा काय दोष.

लग्नानंतर एकदाच तो क्लासमध्ये आला. बाकड्यावर बसला, माउसवर हात ठेवला. तळव्याला घट्टे पडले होते. वेस समोर आली आणि लाइट गेली. आम्ही अंधारलेल्या पडद्यासमोर थोडा वेळ बसून राहिलो. मग तो उठला. "घरी ती वाट बगत आसंल. फुडल्या साली बगू."

ते पुढलं साल आलंच नाही. मी शिकायला पुण्याला आलो आणि इथंच राहिलो. चुलत्यांनी क्लास बंद केला, मशीन भंगारात गेलं, आणि त्यातच आमचा गडी गेला.

आता नवा खेळ घेतला तेव्हा सगळं पहिल्यापासून खेळावं लागलं. डाव्या हाताला सगळं आठवत होतं. उजवा मात्र अडाणी. त्यानं कधी तलवार धरलीच नव्हती. तरी रडतखडत वेशीपर्यंत पोचलो आणि तिथं थांबलो. शब्द होता.

थांबल्यावर जरा खेळाच्या सुरुवातीला येणारी माहितीची पाटी वाचली. आता इंग्रजी येतं. तिथं दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की दोघं आपापल्या मशीनवरून, आपापला गडी घेऊन खेळू शकतात. जुन्यातही ही सोय होती म्हणे. म्हणजे शेजारचं मशीन त्याच वायरला जोडलेलं, अंगावर खोळ पांघरून पडलेलं होतं, आणि आम्ही एका गड्याची वाटणी करत होतो. मी आधी हसलो. मग त्याला फोन लावला. वाटलं, आता तो तिथून, मी इथून, वेस पाडूनच टाकू.

तो फडात होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"दोन गडी?" तो म्हणाला. "आन् एक मेला तर?"

"दुसरा खेळत राहतो."

"मग बरं झालं आपल्याला ठावं न्हवतं."

मी म्हटलं, वहिनी कशा आहेत.

"घरीच हाय. पिशवी काढली तिची. लई तरास व्हता. आता वाकता येत न्हाई."

आमच्याकडे हे वाक्य पाऊस पडला न्हाई म्हणावं तसं म्हणतात. पाळीपायी कामाला खाडा नको म्हणून तरण्या बायका गर्भपिशवी काढून येतात, आणि डॉक्टरही काढून देतात. माझ्या तोंडात शिवी आली, पण ती द्यायची कुणाला?

"मग तुझ्यासंगं कोण हाय?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. औंदा अर्धा कोयता."

"मोळ्या?"

"मीच तोडतो, मीच बांधतो." मग म्हणाला, "वेस पाडली का तू?"

"न्हाई."

"कावून बे?"

"तू म्हणला होता, मी येईस्तवर."

 मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

"पाड आता," तो म्हणाला. "माजी वाट नको बगू. दोनी हात तुजेच हायेत की."

फोन ठेवला आणि खेळ उघडला. गडी वेशीपुढं तसाच उभा होता. डावा हात आपोआप औषधाच्या बटणावर गेला. उजवा मांडीवरच राहिला.