कंसातली टीप

जपानी संगीत नाटकांचा नाद मला पंचेचाळिशीत लागला. त्याआधी कोबेत वीस वर्षं काढली, पण नाट्यगृहाची पायरी कधी चढले नव्हते. नवरा जपानी, पण गाणं सुरू झालं की त्याला झोप येते. एकदा मुलीच्या मैत्रिणीला ऐनवेळी ताप आला, म्हणून मुलगी मला घेऊन गेली. कॉमिकवरून केलेलं नाटक होतं. नदी राखणारी भुतं, त्यांच्या तलवारी, मध्येच गाणी. सगळी तरुण मुलं, डोक्यावर निळे-चंदेरी टोप. पहिली दहा मिनिटं मला हसू आवरेना. मग चंदेरी केसांचा एक नट गात गात अगदी कडेला आला आणि त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब खाली पडला. कागदावरच्या चित्राला घाम येत नाही. माझं हसू तिथेच थांबलं.

त्यानंतर मी त्याची सगळी नाटकं पाहिली आणि त्याचा ब्लॉग रोज वाचू लागले. परदेशातल्या चाहत्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता, त्यात शिरले. जपानीचं अक्षरही न येणाऱ्या बायका नाटकातली सगळी गाणी पाठ म्हणत. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी वाचत रडत. त्यांना त्याचा ब्लॉग वाचायचा होता आणि मला तर ते काम येतच होतं, दिवसभर ऑफिसात भाषांतरच करते. मी त्याचा ब्लॉग इंग्रजीत करून टाकू लागले. चार-पाचशे जणी आभार मानायच्या. घरात माझं कोणी एवढं कौतुक करत नाही. मी चढून गेले. आज त्या ग्रुपची आठवण आली तरी किळस येते, आणि त्यात माझा वाटा काही थोडा नाही.

एकदा त्याने लिहिलं की ओसाकाचे प्रयोग असले की तो हॉटेलात न राहता आईवडिलांच्या घरी जातो. स्टेशनातून बाहेर पडलं की पावाच्या कारखान्याचा वास येतो, रेल्वेचं फाटक लवकर उघडत नाही, लहानपणी तो तिथे उभा राहून भूक भूक करायचा. सुंदर लिहिलं होतं. मी भाषांतर केलं आणि खाली कंसात टीप जोडली: या मार्गावर पावाचा कारखाना असलेलं स्टेशन एकच, माझ्या नवऱ्याचा सहकारी तिथेच राहतो. स्टेशनचं नाव मी लिहिलं नाही. पण कुठल्या रेल्वेचा मार्ग, ते लिहिलं. कशासाठी? मला माहीत आहे, हे मिरवण्यासाठी.

पुढच्या महिन्यात ग्रुपमधल्या तिघी जपानला आल्या. एक मनिलाची, एक ब्राझीलची आणि एक आपल्या पुण्याची, आयटीतली, पंचविशीची. त्याचा ओसाकातला रविवारचा दुपारचा खेळ आम्ही चौघींनी मिळून पाहिला. पुण्याची मुलगी शेवटच्या गाण्याला माझा हात घट्ट धरून हुंदके देत होती. मला ती फार आवडली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, आता आपण एका ठिकाणी जाऊ या."

"जेवायला?"

"तसंच समजा."

दोन गाड्या बदलल्या. तिघी आपापसात हसत होत्या. स्टेशनबाहेर पाऊल ठेवलं आणि ताज्या पावाचा वास आला. मी पुण्याच्या मुलीकडे वळले.

"इथे कशाला आणलंस?"

"अहो, तुमच्यामुळेच तर सापडलं! तुमची ती टीप वाचली आणि नकाशावर अर्ध्या तासात शोधून काढलं. तो प्रयोग संपला की लगेच घरी येतो, त्यानेच लिहिलंय."

मी तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही. रंग न लावलेला त्याचा चेहरा बघायला मिळेल, हे माझ्याही मनात आलं होतं. लिहितानाही तोंड कडू होतं.

पाऊण तासाने तो आला. टोपी, तोंडावर मास्क, खांद्याला कापडी पिशवी. फाटकाजवळच्या औषधांच्या दुकानात शिरला. तिघी मांजरीसारख्या त्याच्यामागे आत गेल्या आणि शांपूच्या मांडणीआड उभ्या राहिल्या. मीही आत आले आणि मांडण्यांमधल्या वाटेतच थिजले. तो माझ्यासमोर आला, "सुमिमासेन", माफ करा, म्हणत किंचित वाकला आणि अंग चोरून पुढे गेला. रंगमंचावर केवढा थोर दिसायचा. इथे जेमतेम माझ्याएवढा, डोळ्यांखाली काळं. गल्ल्यावरच्या बाईने त्याचं मोठं पुडकं काळ्या पिशवीत घातलं, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून. त्याने बिल गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकलं, नको असलेली बिलं टाकायला ठेवतात त्या, आणि तो निघून गेला.

दार बंद व्हायच्या आत पुण्याच्या मुलीने त्या डब्यात हात घातला. वरचंच बिल काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"मावशी, वाचा ना. काय घेतलंय?"

आणि मी वाचलं. दिवसभर समोर आलेला कागद वाचायची सवय, म्हणा. मोठ्या माणसांचे डायपर. चावता न येणाऱ्यांसाठी भोपळ्याची पेज. अंथरुणाला खिळून झालेल्या जखमांचं मलम. इंग्रजीत, मोठ्याने, तिघींना ऐकू जाईल असं.

मनिलाची खाली बघू लागली. ब्राझीलची फिसकन हसली. पुण्याची मुलगी म्हणाली, "अय्या, बिचारा! वडिलांचं असेल का?" आणि तिने तळहातावर बिल सरळ करून त्याचा फोटो काढला.

"दे ते इकडे."

"चिल, मावशी. आम्हाला त्याची काळजी वाटते म्हणूनच ना!"

"काळजी? कचऱ्यात हात घालून?"

"वाचलंत तर तुम्हीच."

मी बिल हिसकावलं, फाडलं, मुठीत घेतलं आणि स्टेशनवर आले. तिथल्या बेसिनवर तीनदा हात धुतले. मग ओकारी आली.

घरी मुलीला सगळं सांगितलं. तिने मान वर न करता जपानीत उत्तर दिलं, "किमोई." म्हणजे किळसवाणं.

"त्या, की मी?"

"सगळंच," ती म्हणाली. हे मात्र मराठीत.

तोवर ग्रुपवर फोटो पोचला होता. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. कोणी लिहिलं, किती गुणी मुलगा. कोणी लिहिलं, आता तर तो आणखीच आवडतो. दुसऱ्या दिवशी एकीने चित्र काढलं: चंदेरी केसांचा नदीरक्षक म्हाताऱ्या बापाला चमच्याने पेज भरवतोय, मागे फुलं. बापाचं तोंडसुद्धा कल्पनेनं काढलं होतं. आजारी माणसाचं अंथरूण चव्हाट्यावर आणून त्यावर फुलं उधळायची आणि त्याला प्रेम म्हणायचं! मला वाटलं होतं डब्यात हात घालणं ही हद्द. हे त्याहून ओंगळ होतं.

मी माझी सगळी भाषांतरं पुसली. उपयोग शून्य, प्रत्येकीकडे नकला होत्या. मग त्याचं काम बघणाऱ्या कंपनीला जपानीत पत्र लिहिलं. टीप मी लिहिली, बिल मी वाचलं, काही लपवलं नाही. दोन ओळींचं अतिशय सभ्य उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात ब्लॉगवरचे घराबद्दलचे सगळे लेख नाहीसे झाले. महिन्याने ब्लॉगच बंद झाला. तो नाटकांतून काम करतो अजून. मी जात नाही.

पुण्याच्या मुलीचा मात्र निरोप आला. "मावशी, तक्रार तुम्हीच केली असणार. तुमच्यामुळे आमचा ब्लॉग गेला. जगभरच्या फॅन्सना त्याचा तेवढाच आधार होता. तुम्हाला काय, तुम्ही तर तिथेच राहता."

आमचा ब्लॉग. दोन दिवस मी उत्तर जुळवत होते, त्या माणसाबद्दल, त्याच्या बापाबद्दल, तिच्या हाताबद्दल, माझ्या जिभेबद्दल. लांबलचक झालं. ते सगळं पुसलं आणि दोनच शब्द पाठवले, "बरं झालं."