सासरेबुवांच्या बोटीला दम लागतो

आमच्या घरात बोटीचं इंजिन कोणालाही दुरुस्त करता येत नाही, हे आम्हाला इंजिन उघडल्यावर कळलं.

बोट आमची नव्हती. बोट माझ्या सासरेबुवांची. ते कफ परेडच्या मच्छीमार नगरातले कोळी, आणि आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतले मालवणी. समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या पापलेटापुरता (तोही आई घासाघीस करत असताना मी पिशवी धरून लांब उभा!). ज्योत्स्नाशी माझं लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी "आता काय बाबा, ताजे मासे!" म्हणून भरपूर चिडवलं. मासे मिळालेच. बोटही वाट्याला येईल, हे मात्र कोणी बोललं नव्हतं.

सुरुवात केली अप्पांनी. अप्पा म्हणजे माझे वडील. मिल बंद पडेपर्यंत ते लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात होते. त्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाने सोयीचं तेवढंच. पंचाहत्तरीला काय हवं, असं मी त्यांना मोठ्याने विचारलं.

"माका मुंबय बघूची हा," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्ही मुंबईतच राहता!"

"ही न्हय रे. ती."

'ती' म्हणजे त्यांनी लहानपणी पाहिलेली. कोकणातून आगबोटीने येताना, दीपगृहाला वळसा घालून बोट आत शिरत होती आणि नेमकी दिवेलागण झाली. आईच्या मांडीवरून त्यांनी सगळी मुंबई एकदम उजळताना पाहिली. त्यानंतर जन्मभर त्यांनी मुंबई आतूनच पाहिली, ती तशी पुन्हा दिसली नाही. हे सांगताना अप्पांचे डोळे कॅलेंडरवर होते, पण ते कॅलेंडर बघत नव्हते. मला एकदम भरून आलं. म्हटलं, दुसरं काही नाही दिलं तरी चालेल, एवढं मी यांना दाखवणार.

सासरेबुवांना फोन केला, तर ते उलट खूश. "व्याहीबुवांसाठी येवढा पन नाय करायचा? उन्हं उतरली का निघू. दिवे लागायच्या आत दीपगृहाच्या भायेर!"

तर निघालो. बोटीवर सासरेबुवा, ज्योत्स्ना, अप्पा, आई आणि मी. सगळ्यांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेटं. आईने जॅकेटवरून पदर घेतला होता आणि मांडीवर कोंबडी-वड्यांचा डबा धरला होता. ऊन कोवळं झालेलं, पाणी शांत, काठावरच्या उंच इमारती पाण्यात हलत होत्या. वाराही झोपेतून उठल्यासारखा यायचा आणि पुन्हा झोपायचा. मी डोळे अर्धे मिटून म्हटलं, वा!

बऱ्याच वेळाने डोळे उघडले, तर समोर त्याच इमारती!

"बोट चालू आहे ना?" मी विचारलं.

"चालू हाय की," सासरेबुवा म्हणाले. इंजिन पण 'धडधड' म्हणत होतं, पण अगदी पेंगत. काठावरून एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत चालले होते. ते आमच्या बरोबरीला आले. मग पुढे गेले. मग कुत्रा एका खांबापाशी थांबला म्हणून आम्ही त्यांना गाठलं!

"बाबा, रेस वाढवा ना," मी म्हटलं.

सासरेबुवांनी रेसचा दांडा पुढे ढकलला. तो निम्म्यावर येऊन थांबला. पुन्हा ढकलला, पुन्हा निम्म्यावर. "बगा, नाय जात," ते म्हणाले, आणि दीपगृहाकडे बघत राहिले.

आता मी विमा कंपनीत नोकरी करतो. बोटीच्या इंजिनाशी माझा काडीचाही संबंध नाही. पण मी जावई होतो, शिवाय आदल्या रात्री मोबाइलवर याच विषयाचे दोन व्हिडिओ पाहिले होते (दुसऱ्यात झोप लागली होती). बोट पूर्ण वेग घेत नसेल तर काय काय असू शकतं, हे बोटावर मोजून सांगण्याइतपत मी तयार होतो.

"डिझेलचा फिल्टर चोंदला असणार!" मी जाहीर केलं.

"असंल, जावयबापू," सासरेबुवा म्हणाले. लगेच इंजिन बंद. ते खाली उतरले, फिल्टर काढला, धुतला, पुसला, मला दाखवला, परत बसवला, इंजिन चालू केलं. दांडा पुढे ढकलला. निम्म्यावर!

अप्पा उठले. मिलमधल्या सवयीने त्यांनी पान्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावलं (कमी ऐकू येणाऱ्या कानाला!). डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिले.

"ह्येका दम लागता हा," त्यांनी निदान केलं.

"बरोबर हाय, व्याहीबुवा," सासरेबुवा म्हणाले.

मग माझ्या डोक्यात वजनाचा मुद्दा आला. बोटीवर ओझं जास्त झालंय! पण काढणार काय? सगळ्यांची नजर आईच्या डब्याकडे गेली. "वडे थंड होतत. खावन घेवा मगे, बोट हलकी होतली," आई म्हणाली. ते मला इतकं पटलं की मीच वाढायला घेतलं. बोट संथ डुलत होती, रश्शाचा वास सुटला होता, पश्चिमेकडे आभाळ केशरी होत होतं. आपण कशासाठी निघालोय हेच कोणाला आठवेना. तिसऱ्या वड्याला ज्योत्स्ना म्हणाली, "सुहास, आपण खाल्लं तरी वजन बोटीतच राहणार ना रे?"

डबा रिकामा झाला होता. वेग तोच होता.

"मग बोटीच्या पंख्यात काहीतरी अडकलंय!" मी म्हटलं. "प्लॅस्टिक, नाहीतर जुनं जाळं. खाली जाऊन बघायला हवं."

"असंल, जावयबापू." आणि सासरेबुवांनी इंजिन बंद करून, सदरा काढून, कमरेला दोरी बांधून चक्क पाण्यात उडी मारली! बुडी मारून वर आले, श्वास घेतला, पुन्हा बुडी. "पंखा साफ हाय," ते केसांतलं पाणी निपटत म्हणाले.

"आणि बोटीचं बूड? शिंपले चिकटले की बोट जड होते."

"बगतो." पुन्हा बुडी! बुडालाही काही नव्हतं. वर आल्यावर त्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं, ज्योत्स्नाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी आभाळाकडे पाहिलं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी पुढच्या निदानाच्या तयारीत होतो.

एवढ्यात सूर्य पाण्याला टेकला. दीपगृह अजून लांबच दिसत होतं. अप्पा कठड्याशी उभे होते. इतका वेळ ते सारखे पुढे वाकून बघत होते, आता सरळ झाले.

"ऱ्हवांदे रे सुहास," ते हळूच म्हणाले. "फिरवा बोट. खूप झाला."

आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. आयुष्यात या माणसाने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती, आणि मी त्यांना अर्ध्या समुद्रात वडे खायला घातले होते!  मी सासरेबुवांपुढे अक्षरशः हात जोडले. "बाबा, काहीही करा, पण अंधार व्हायच्या आत पोचवा!"

सासरेबुवा सदरा पिळत बसले. शेवटी ज्योत्स्नाच म्हणाली, "बाबा, बस झालं. सोडा ती दोरी."

"कसली दोरी?" मी.

सासरेबुवा मुकाट्याने खाली उतरले. इंजिनाजवळ, रेसच्या तारेला निळी नायलॉनची दोरी करकचून बांधलेली होती. दांडा निम्म्याच्या पुढे जाणार कसा?

"कोणी बांधली ही?"

"मीच," सासरेबुवा खाली मान घालून म्हणाले. "नारळी पुनवेला तुमी बोटीत बसला होता. तवा डोलकाठीला मिठी मारलीत ती धक्क्याला लागेपर्यंत सोडली नाय. पोरगी बोलली, बाबा, ह्यांना भ्या वाटतं, हळू चालवा."

"मग हळू चालवायची! बांधायची कशाला?"

"तुमी 'जोरात घ्या' बोलला असता तर? जावयाला 'नाय' कसा बोलनार?"

"अहो, आणि फिल्टर? त्या बुड्या?"

"तुमी सांगितलात," सासरेबुवा म्हणाले. "नाय कसा बोलनार?"

 अप्पा माझ्याकडे बघत होते, आई माझ्याकडे बघत होती. "मी? आणि भीती?" मी छाती काढून म्हटलं. "सोडा दोरी! फुल घ्या!"

त्यांनी सोडली. इंजिन चालू करून फुल घेतली.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. बोटीचं नाक वर उठलं, पाण्याचा फवारा अंगावर आला, आई "अगो बाय माझे!" म्हणून ओरडली आणि चक्क हसायला लागली. अप्पांचे पांढरे केस उभे राहिले होते आणि चेहऱ्यावर सहा वर्षांच्या मुलाचा आनंद होता. एवढं मला दिसलं. मग मी खाली उतरलो, इंजिनाशेजारच्या खांबाला दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे घट्ट मिटले.

"सुहास!" वरून अप्पांची हाक आली. त्यांचा आवाज कापत होता. "वर ये रे! सगळे दिवे लागले बघ! तीच मुंबय ही, तीच!"

"तुम्ही बघा, अप्पा!" मी खालूनच ओरडलो. "मी इथे इंजिनावर लक्ष ठेवतोय! कसलं जोरात चाललंय, ऐका!"

 ज्योत्स्ना खाली वाकून हळूच म्हणाली, "सुहास, अप्पांना निवांत बघता यावं म्हणून बाबांनी इंजिन मघाशीच बंद केलंय."

धडधडत होती ती माझी छाती. आणि तिने मात्र अगदी पूर्ण वेग घेतला होता!