आमचा बाळ येशू जागा आहे

काल दुपारी जोह्याला गेले होते… नाताळच्या गव्हाणीसाठी बाळ येशू आणायला. आणि तिथे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये!

हो, तेच जोहे, जिथे घरोघरी गणपती घडतात. माहेरून आलेला आमचा जुना बाळ यंदा खोका उतरवताना फुटला. दुकानातले प्लास्टिकचे काही मला आवडेनात. मग पेणच्या मैत्रिणीच्या ओळखीने सुनंदाला फोन केला. तिचा घरचाच छोटा मूर्तींचा कारखाना आहे. झोपलेल्या बाळाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, शाडूचा, अस्साच करून दे.

खरं तर घरातून निघायचंच जिवावर आलं होतं. गणपतीच्या आधी आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, डावा हातही थोडा थोडा उचलतात. पण माझं डोकं मात्र तेव्हापासून थांबलेलंच नाही… ते खोकले की मी उठते. ते गप्प बसले तरी मी उठते! गोळ्या, व्यायाम, बाथरूममधली ओली फरशी, सगळं एकदमच फिरत असतं.

आणि प्रार्थना? ती बंदच पडली होती. ओठ हलायचे, मन मात्र स्वयंपाकघरात नाहीतर दवाखान्यात. लहानपणापासून जिने मला सांभाळलं तीच हातातून निसटली, ही भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. चर्चमध्येसुद्धा नाही.

शेजारच्या फरीदाभाभी ह्यांच्याजवळ बसल्या म्हणून निघाले. रोह्याहून पेण येईपर्यंत त्यांना इतके फोन केले की शेवटी त्याच वैतागल्या. "आता फोन केलात तर मी उचलणार नाय हां. भाईसाब मजेत चाय पितायत!"

कारखान्यात रंग न दिलेले पांढरेफेक गणपती रांगेने उभे होते. खिडकीपाशी सुनंदा माझ्याकडे पाठ करून काहीतरी रंगवत बसली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "आखणी चाललीय."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. त्या वेळी तिथे कुणी बोलत नाही. रेडिओ बंद, पंखा बंद. माझ्या हाताकडे बघून सासूबाई हळूच म्हणाल्या, "तो मोबाईल पन गप करा, बाय."

केला बंद. पाटावर बसले. सुरुवातीला जीव नुसता कासावीस… घरी काय चाललं असेल, गाडी मिळेल ना, गॅस बंद केला होता ना! सुनंदाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. हळूहळू माझाही संथ झाला असावा.

मग ती वळली. "झाला बघा, मावशी!" तिच्या तळहातावर गोरागोमटा बाळ… आणि डोळे टक्क उघडे! काळेभोर, चमकदार, थेट माझ्याकडे बघणारे.

"अगं सुनंदा, झोपलेला सांगितला होता ना गं!"

सासूबाई फिस्सकन हसल्या. "बोलले व्हते ना गो, फोटो नीट बघ! त्यांचा देव निजलेला, ह्या बयेनं जागा केलान!"

सुनंदाने जीभ चावली. "हाताला सवयच नाय, मावशी. डोळं उघडलं नाय तं मूर्ती पुरी झाली असं वाटतच नाय." आणि मग हसत म्हणाली, "आन् मला सांगा, तुमचा देव झोपला तं तुमच्याकडं कोन बघल?"

ती गंमतीने बोलली होती. मी मात्र त्या उघड्या डोळ्यांकडे बघतच राहिले…

इतके महिने मीच सगळ्यांकडे बघत होते. जणू माझा डोळा लागला तर घर कोसळेल! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर आठवल्या. दुपारी चॅपेलमध्ये न्यायच्या. फरशीच्या पॉलिशचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास यायचा. त्या म्हणायच्या, "काही मागू नका गं आज. येशू तुमच्याकडे बघतोय, त्याला बघू द्या." आम्ही एकमेकींना कोपराने ढोसत खुदुखुदु हसायचो.

काल मी त्याला बघू दिलं. बस्स, एवढंच. शब्द नाहीत, मागणं नाही… डोक्यातला गलबला कधी ओसरला कळलंच नाही. खाडी पूर्ण भरली की पाणी क्षणभर जागच्या जागी थांबतं ना, तसं आत झालं. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं!

सुनंदा बिचारी घाबरली. "रडू नका, मावशी, आत्ता मिटवून देते!" ब्रश उचललासुद्धा तिने. मी बाळ जवळजवळ हिसकावूनच घेतला. "हात लावू नकोस! असाच हवाय मला."

"घ्या," सासूबाई म्हणाल्या, "आता ह्यांना पन जागाच पायजे!"

घरी आल्यावर ह्यांनी बाळ निरखून पाहिला. "हा तर टकामका बघतोय की!" झटक्यानंतर इतके मोकळे हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. खरं तर बाळाला गव्हाणीत नाताळच्या रात्रीच ठेवायचं असतं… पण काल कोण थांबतंय! "मी ठेवतो," ते म्हणाले. काठी भिंतीला टेकवली आणि बाळ डाव्या हातात घेतला.

एरवी मी धावले असते. शाडू म्हणजे पडला की संपलंच. त्यांचा हात थरथरत होता, माझी छाती धडधडत होती… पण मी खुर्चीतून उठले नाही. आतली ती शांतता धडधडीखालीही तशीच होती, खरंच!

ठेवला त्यांनी. जरा वाकडा, गवतात कलंडलेला. मग वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही डोंगर चढून आले.

आम्ही दोघांनी हात जोडले. कितीतरी दिवसांनी माझ्या ओठांवरचं आणि मनातलं एकच होतं… थँक यू, प्रभू.